स्त्रीधन आणि पतीचें दिवाळें

व्यापारांत पडलेल्या गृहस्थाचें दिवाळें निघालें म्हणजे प्रथम त्याच्या चीजवस्तूंची यादी होऊं लागते. दुकानांतला माल, पेढीवरची रोकड, वह्यांतलीं येणीं यांविषयीं फारसा वाद होत नाहीं. वाद सुरू होतो तो माजघरांतल्या कपाटापाशीं. त्या कपाटांत पाटल्या असतात, गोठ-तोडे असतात, माहेरहून आलेलें चांदीचें तबक असतें. किल्ली गृहिणीच्या कमरेला असली तरी घर नादाराचें आणि कपाटहि नादाराचेंच. मग आंतलें सोनें कोणाचें? सावकार म्हणतो, हें सगळें आमच्या पैशानें झालें. बाई म्हणते, हें मला माझ्या बापानें दिलें. दोघांनाहि आपण खरें बोलत आहों असें वाटत असतें, आणि पुष्कळदां दोघेहि थोडेथोडे खरें बोलत असतात.

या प्रश्नाचें उत्तर आज एका वाक्यांत देतां येतें: जें पत्नीचें स्वतःचें आहे, तें पतीच्या नादारीच्या मिळकतींत येत नाहीं. परंतु हें वाक्य सिद्ध होण्यास किती शतकें लागलीं, आणि सिद्ध झाल्यावरहि त्यांत कोणती फट उरली, हें पाहिल्यावांचून त्याची खरी किंमत कळावयाची नाहीं. आमच्या वाचकांपैकीं बहुतेक नोकरी, वकिली, डॉक्टरी किंवा लहानमोठा धंदा करणाऱ्या कुटुंबांतले. त्यांच्या घरीं सावकाराचा शिपाई कधीं येणार नाहीं अशी समजूत असते. पण भावाच्या कारखान्याला जामीन राहणारे, किंवा स्वतःच्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे गृहस्थ याच घरांतून निघतात. तेव्हां हा विषय केवळ पेढीवाल्यांचा नव्हे.

आरंभ आपल्या स्मृतिकारांपासून करूं. मनूनें स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले: विवाहाग्नीसमोर मिळालेलें, सासरीं जातांना मिळालेलें, प्रीतीनें दिलेलें, आणि भाऊ, आई व बाप यांनीं दिलेलें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत दोनच भाग केले. निर्वाहासाठीं लावून दिलेली रक्कम ती ‘वृत्ति’. तिला त्यानें दोन हजार पणांचा आंकडा घातला. अंगावर घालावयाचे दागिने तें ‘आबंध्य’. त्याला मर्यादा ठेविली नाहीं. कात्यायनानें तर असा दंडक घातला कीं, पति, पुत्र, पिता किंवा भ्राता यांपैकीं कोणासहि स्त्रीधन घेण्याचा वा देऊन टाकण्याचा अधिकार नाहीं. बळानें घेतलें तर व्याजासह परत करावें, आणि तिच्या संमतीनें घेतलें असल्यास ऐपत येतांच मुद्दल फेडावें.

कर्जाच्या बाबतींतहि स्मृतींचें धोरण स्पष्ट आहे. याज्ञवल्क्य म्हणतो, पतीचें ऋण पत्नीनें फेडावयाचें नाहीं आणि पत्नीचें ऋण पतीनें फेडावयाचें नाहीं. कुटुंबाच्या पोषणासाठीं काढलेलें कर्ज तेवढें निराळें. जें कर्ज तिनें स्वतः कबूल केलें, जें पतीसह काढलें, किंवा जें एकटीनें काढलें, तेवढ्याचीच ती देणेकरीण. उलट गवळी, कलाल, नट, परीट आणि पारधी यांच्या बायकांनीं केलेलें कर्ज मात्र त्यांच्या पतींनीं द्यावें, असा अपवाद त्यानें केला. कारण त्या घरांची उपजीविका बायकांच्या कष्टांवर चाले. या अपवादांत मोठें व्यवहारज्ञान आहे. कर्ज कोणाच्या नांवावर आहे एवढ्यावर न थांबतां, तें कोणाच्या उपयोगासाठीं झालें हें पाहण्याची दृष्टि तेथें आहे.

एवढें असूनहि याज्ञवल्क्यानें एक दार उघडें ठेविलें. दुष्काळांत, धर्मकार्यासाठीं, आजारांत, आणि ‘संप्रतिरोधक’ प्रसंगीं पतीनें स्त्रीधन घेतलें तर तें परत करण्याचें बंधन त्याजवर नाहीं. यांतला चौथा प्रसंग आमच्या विषयाच्या अगदीं मर्माचा आहे. संप्रतिरोध म्हणजे अडकवून ठेवणें. मिताक्षराकार विज्ञानेश्वरानें त्याचा अर्थ बंदींत पडणें, निग्रह होणें असा केला, आणि पतीजवळ दुसरें द्रव्य नसलें तरच, अशी अट घातली. ऋणकोला धरून अडकवून ठेवण्याची रीत ज्या काळीं सर्वत्र होती, त्या काळीं याचा अर्थ उघड आहे: नवरा सावकाराच्या कैदेंत असेल तर बायकोच्या बांगड्या मोडून त्यानें सुटून यावें.

मात्र विज्ञानेश्वरानें याच ठिकाणीं एक गोष्ट निक्षून सांगितली. हा अधिकार एकट्या पतीचा. बाई जिवंत असतां पतीवांचून दुसऱ्या कोणाहि दायादानें तिच्या धनास हात लावतां कामा नये. म्हणजे संकटांत पडलेला पति मागूं शकतो; त्याचा भाऊ मागूं शकत नाहीं. मग त्याचा सावकार मागूं शकेल काय? पति जें घेऊं शकला असता पण ज्याला त्यानें हात लावला नाहीं, तें त्याचें समजून सावकारानें जप्त करावें काय? हा प्रश्न सुमारें साडेसातशें वर्षांनंतर न्यायासनापुढें आला. 1871 सालीं मुंबई हायकोर्टानें निर्णय दिला कीं, हा अधिकार पतीचा वैयक्तिक आहे. तो त्यानें स्वतः वापरला नाहीं तर त्याच्या धनकोंस तो वापरतां येणार नाहीं. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें लिहिणाऱ्या पंडिताचें एक वाक्य असें मुंबईच्या कोर्टांत एका स्त्रीच्या उपयोगीं पडलें.

त्याच काळीं इंग्लंडांत काय स्थिति होती, हें पाहणें बोधप्रद होईल. कारण नादारीचे कायदे आपल्याकडे तेथूनच आले. ब्लॅकस्टननें 1765 सालापासून प्रसिद्ध होऊं लागलेल्या आपल्या ग्रंथांत सांगितलें आहे कीं, विवाहानें पति-पत्नी कायद्याच्या दृष्टीनें एक व्यक्ति होतात. आणि ती एक व्यक्ति म्हणजे पति. स्त्रीची रोकड, दागिने, सामानसुमान हें सर्व लग्नाच्या दिवशीं पतीचें होई. त्याचें दिवाळें निघालें तर तें त्याच्या इतर मालाबरोबर धनकोंकडे जाई. बापानें मुलीला दिलेलें धन जांवयाच्या कर्जांत बुडे, आणि कायद्याला त्यांत कांहीं गैर दिसत नसे. कारण कायद्याच्या मतें तें मुलीचें राहिलेलेंच नसे.

श्रीमंत बापांनीं यावर तोड काढली. मुलीला धन सरळ न देतां तें विश्वस्तांच्या हातीं द्यावयाचें, आणि तिच्या ‘पृथक् उपयोगासाठीं’ असें लिहावयाचें. चॅन्सरीचें कोर्ट हा लेख मानी, आणि असें धन पतीच्या धनकोंच्या हातीं लागत नसे. पुढें एक नवीच अडचण दिसूं लागली. धन पृथक् असलें तरी पतीनें लाडीगोडीनें वा दांडगाईनें बायकोची सही घेतली, तर तें एका दिवसांत नाहींसें होई. म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड थर्लोच्या काळीं असें कलम निघालें कीं, विवाहित असेपर्यंत स्त्रीला मुद्दलास हात लावतां येऊं नये आणि पुढच्या उत्पन्नावर आगाऊ कर्जहि काढतां येऊं नये. स्त्रीला तिच्या पतीपासून वांचविण्यासाठीं तिचेच हात बांधण्याचा हा प्रकार होता. तो इंग्लंडांत 1949 सालीं कायमचा रद्द झाला. परंतु त्यामागची शंका खोटी नव्हती, हें पुढें दिसेल.

ट्रस्टाचा खर्च ज्यांना परवडे त्यांचें संरक्षण झालें. दुकानदाराच्या आणि कारागिराच्या बायकोला तें कधींच मिळालें नाहीं. 1870 आणि विशेषतः 1882 सालच्या कायद्यानें इंग्लंडांतील प्रत्येक विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीची मालकी मिळाली. त्याच 1882 च्या कायद्यांत धनकोंच्या बाजूचेंहि एक कलम होतें. पत्नीनें पतीला त्याच्या धंद्यासाठीं पैसे उसने दिले असतील, तर दिवाळ्याच्या वेळीं ती इतर धनकोंच्या रांगेंत उभी राहूं शकत नाहीं. सर्वांचें फिटल्यावर उरलें तर तिला. पति-पत्नीमधील कर्ज मागें सारण्याचें तत्त्व 1986 च्या इंग्रजी नादारी कायद्यांतहि कायम आहे. याचें कारण असें: घरांत ठेवलेला पैसा बायकोचा; पण एकदां तो दुकानांत शिरला कीं, त्या भांडवलाकडे पाहून बाहेरचे लोक उधार देऊं लागतात. त्यांना मागाहून ‘हा पैसा बायकोचा’ असें सांगणें न्याय्य होणार नाहीं.

येथें सावकाराची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे. तो असें म्हणत नाहीं कीं, बायकोचें धन मला द्या. तो म्हणतो, बायकोचें म्हणून जें दाखवितां तें खरोखर तिचें कशावरून? ही शंका दोन हजार वर्षांची आहे. इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतील रोमचा धर्मज्ञ क्विंटस मूकियस स्कीव्होला यानें असा नियम सांगितला कीं, विवाहित स्त्रीजवळच्या वस्तूचा उगम सांगतां येत नसेल तर ती पतीकडून आली असें समजावें. सहाव्या शतकांत सम्राट जस्टिनियन यानें उलट बाजूनें पाऊल टाकलें, आणि पतीच्या मालमत्तेवर पत्नीच्या हुंड्याचा हक्क इतर धनकोंच्या आधीं ठेविला. मग 1807 सालीं फ्रान्सचा व्यापारी कायदा झाला. पति बुडालेला आणि पत्नी गाडींतून फिरत आहे, असे देखावे त्या काळच्या पॅरिसमध्यें पाहून नेपोलियन चिडलेला होता. त्या कायद्यानें दिवाळखोराच्या बायकोवरच पुराव्याचें ओझें टाकलें: विकत घेतलेली वस्तु पतीच्या पैशाची समजली जाईल, उलट असेल तर तिनें सिद्ध करावें. म्हणजे तत्त्वाविषयीं मतभेद थोडा. खरा झगडा पुराव्याचा. आणि पुरावा ज्याच्यावर टाकला तो बहुधा हरतो.

आतां आपल्याकडे परत येऊं. अमेरिकेंतलें यादवी युद्ध 1865 च्या एप्रिलांत संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि 1 जुलैला वायद्यांची मुदत भरतांच मुंबईच्या पेढ्या पत्त्यांच्या घराप्रमाणें पडल्या. त्या वेळीं मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांत 1848 सालचा नादारीचा कायदा चालू होता. त्याची जागा 1909 च्या कायद्यानें घेतली, आणि मुफसलासाठीं 1907 चा, मग 1920 चा कायदा झाला. नादारीचा हुकूम होतांच मुंबईंत नादाराची सर्व मिळकत ऑफिशियल असायनीकडे जाते. पण जाते ती नादाराचीच. दुसऱ्याचें धन तो केवळ विश्वस्त म्हणून सांभाळीत असेल तर तें त्या मिळकतींतून वगळावें, असें 1909 च्या कायद्यानें स्पष्ट लिहिलें. मात्र व्यापाराचा जो माल खऱ्या धन्याच्या संमतीनें नादाराच्या ताब्यांत, त्याचाच म्हणून जगापुढें मिरवत होता, तो धनकोंकडे जावा असेंहि लिहिलें. सारांश, बाईचें सोनें कपाटांत असेपर्यंत तिचें. तेंच तिच्या संमतीनें सराफाच्या दुकानांत विक्रीला मांडलें असेल तर गोष्ट वेगळी.

सन 1908 च्या दिवाणी कायद्यांतील साठाव्या कलमानें याहून हृद्य अशी एक सवलत दिली. ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे व मुलांचे नेसते कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, आणि धर्माचाराप्रमाणें स्त्रीला अंगावेगळे करतां येत नाहींत असे दागिने जप्त करूं नयेत. मंगळसूत्राचें नांव कायद्यांत नाहीं. परंतु महाराष्ट्रांतल्या कोणाहि बाईला हें कलम वाचून दाखविलें तर तिचा हात आपोआप गळ्याकडे जाईल.

विम्याची कथा यापुढची. विवाहित स्त्रियांच्या मिळकतीचा आपल्या देशांतला कायदा 1874 सालचा. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणें पतीनें बायकोमुलांच्या हितासाठीं स्वतःच्या जिवाचा विमा उतरला, आणि तसें पॉलिसीवर नमूद केलें, तर ती रक्कम ट्रस्ट समजली जाते. तीवर पतीचा वा त्याच्या धनकोंचा ताबा चालत नाहीं. परंतु हा कायदा हिंदु, मुसलमान, बौद्ध, शीख आणि जैन स्त्रियांना लागू नव्हता. स्त्रीधनाची एवढी जुनी परंपरा सांगणाऱ्या समाजाला हें एक नवें कवच मिळण्यास 1923 ची दुरुस्ती व्हावी लागली. आजहि हें कवच आपोआप मिळत नाहीं. विमा घेतांनाच तशी नोंद करावी लागते, आणि किती घरांत ती केलेली असते, हें ज्यानें त्यानें आपल्या कपाटांतले कागद काढून पाहावें.

आतां लबाडीचा विचार. बुडण्याच्या बेतांत असलेला मनुष्य घर बायकोच्या नांवें करून देतो, ही युक्ति सर्वांच्या परिचयाची आहे. 1909 आणि 1920 या दोन्ही कायद्यांनीं तिला दोन वर्षांची मर्यादा घातली. दिलेल्या वस्तूचा योग्य मोबदला न घेतां व सद्भावनेवांचून हस्तांतर केलें, आणि त्यानंतर दोन वर्षांच्या आंत नादारी आली, तर तें हस्तांतर धनकोंविरुद्ध टिकत नाहीं. विवाहापूर्वीं विवाहाच्या निमित्तानें दिलेलें मात्र टिकतें. शिवाय धनकोंस बुडविण्याच्या हेतूनें केलेलें कोणतेंहि हस्तांतर 1882 च्या मिळकत हस्तांतर कायद्यानें रद्द ठरवितां येतें. हे नियम कडक असले तरी आम्हांस ते स्त्रीधनाचे शत्रु वाटत नाहींत. नवऱ्यानें काल नांवावर केलेला बंगला आणि बापानें वीस वर्षांपूर्वीं दिलेल्या पाटल्या हीं दोन्ही ‘बायकोचीं’ म्हणून एकाच रांगेंत उभीं राहिलीं, तर पहिल्यावरची शंका दुसऱ्यावर पडते. खोट्या स्त्रीधनानें खऱ्या स्त्रीधनाची पत घालविली आहे.

स्वातंत्र्यानंतर तत्त्व अधिकच पक्कें झालें. 1956 च्या हिंदु वारसा कायद्यानें स्त्रीच्या मिळकतीला पूर्ण मालकी दिली. 1985 सालीं सुप्रीम कोर्टानें सांगितलें कीं, स्त्रीधन सासरीं आल्यानें पति-पत्नीच्या सामाईक मालकीचें होत नाहीं. पति तें फार तर विश्वासानें सांभाळतो. 2016 सालीं नवी नादारी व दिवाळखोरी संहिता झाली. तिच्यांतहि धर्माचाराप्रमाणें अंगावेगळे न होणारे, तारण न ठेवलेले कुटुंबाचे दागिने ठरलेल्या किंमतीपर्यंत वगळले आहेत, आणि पत्नीस कमी किंमतींत दिलेल्या मालमत्तेवर दोन वर्षांची नजर तशीच ठेविली आहे. व्यक्तींच्या नादारीचा तिचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून कंपन्यांच्या कर्जांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांस लागू झाला, आणि 2021 सालीं सुप्रीम कोर्टानें तो ग्राह्य ठरविला.

इतक्या भिंती उभ्या राहिल्यावर बाईचें सोनें सुरक्षित झालें असें वाटेल. परंतु सावकार ज्या दारानें येतो त्या दाराला कुलपें घालीत असतां, पति ज्या दारानें येतो तें दार उघडेंच राहिलें. 2024 सालीं सुप्रीम कोर्टापुढें केरळांतलें एक प्रकरण आलें. लग्नांत मिळालेले दागिने सांभाळण्याच्या मिषानें पतीनें घेतले, आणि पत्नीच्या म्हणण्याप्रमाणें ते त्याच्या व त्याच्या आईच्या जुन्या देण्यांत गेले. कोर्टानें तिला पंचवीस लक्ष रुपये देवविले, आणि पुन्हां सांगितलें कीं, आपत्कालीं पति स्त्रीधन वापरूं शकतो, परंतु तें किंवा त्याची किंमत परत करणें त्याचें नैतिक कर्तव्य आहे. याज्ञवल्क्याचें दार आणि कात्यायनाची अट हीं दोन्ही या एका निकालांत शेजारीं शेजारीं दिसतात.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, स्त्रीधन जप्तीनें थोडें गेलें आणि मागण्यानें फार गेलें. धंदा बसला, हप्ता थकला, मुलीची फी भरावयाची आहे. नवरा सांगत नाहीं, नुसता गप्प बसतो, आणि बाई आपण होऊन बांगड्या काढून देते. त्यांत कधीं प्रेम असतें, कधीं भीति असते, आणि बहुतेक वेळां दोन्ही इतकीं मिसळलेलीं असतात कीं तिची तिलाच निवड करतां येत नाहीं. थर्लोच्या काळच्या इंग्रज वकिलांना हें कळलें होतें. त्यांचा उपाय मात्र स्त्रीला अज्ञान ठरविणारा होता. आजची बाई मिळवती आहे, तिच्या सहीला बँकेंत किंमत आहे, आणि म्हणूनच धोका नव्या रूपानें आला आहे. पतीच्या कर्जाच्या कागदावर ती जामीन म्हणून सही करते. त्या क्षणीं याज्ञवल्क्याचा दुसरा नियम लागू होतो: जें ऋण तिनें स्वतः कबूल केलें, तें तिचें. मग तिचें स्त्रीधन कोणत्याहि कायद्यानें पतीच्या नादारीबाहेर राहिलें तरी तिच्या स्वतःच्या नादारींत येतें.

म्हणून कायद्याची वाट न पाहतां घरांतच कांहीं गोष्टी व्हाव्यात असें आम्हांस वाटतें. लग्नांत कोणी काय दिलें याची यादी करून तीवर दोन्हीकडच्यांनीं सह्या कराव्यात. आपल्याकडे देवाणघेवाणीच्या याद्या करण्याची चाल होतीच, ती मानापमानासाठीं होती, आतां पुराव्यासाठीं असावी. दागिन्यांच्या पावत्या बाईच्या नांवें असाव्यात आणि तिच्याजवळ असाव्यात. तिचें सोनें संसाराच्या अडचणींत घेतलें तर किती घेतलें व केव्हां परत करणार हें एका ओळींत लिहून ठेवावें. पति-पत्नींत लिखापढी कसली, असें कोणी म्हणेल. कात्यायनानें संमतीनें घेतलेलें मुद्दलसुद्धां फेडावयास सांगितलें, तें परक्यांसाठीं नव्हे, पतींसाठींच. आणि कर्जाच्या कागदावर सही मागितली जाईल तेव्हां तो कागद बाईनें स्वतः शेवटपर्यंत वाचावा, वाचून होईपर्यंत घरच्यांनीं थांबावें, आणि तिनें नाहीं म्हटलें तर त्या नकाराचा राग धरूं नये.